दिवे घाटातला कान

संपादकांचा फोन आला. "मिस्त्री, यंदा तुम्ही लिहा. जोरात पळणारी इलेक्ट्रिक गाडी चांगली, की तुमच्यासारख्यांनी पेट्रोलवर नाहीतर इथेनॉलवर तयार केलेली? तुलना करा. पण निष्पक्ष हं." मी हो म्हणून फोन ठेवला आणि मग हसू आलं. सवतीने सवतीच्या पुरणपोळीला मार्क द्यायचे, आणि तेही निष्पक्ष!

तेव्हा आधीच सांगून टाकतो. मला इलेक्ट्रिक गाडीचा हेवा वाटतो. साधासुधा नाही, पोटात दुखतं. हडपसरच्या पुढे मांजरीच्या रस्त्याला माझं गॅरेज पस्तीस वर्षं चाललं. आता कामं घेत नाही, पण सवयीने रोज सकाळी शटर उघडतो, खुर्ची टाकतो आणि शेजारच्या वर्कशॉपकडे बघत बसतो. ते इलेक्ट्रिक गाड्यांचं आहे आणि रफिकचं आहे. म्हणजे माझा हेवा फार लांब जात नाही, एका भिंतीपलीकडे राहतो.

माझा धंदा काय होता ते थोडक्यात सांगतो. कंपनी गाडीत जेवढी ताकद देते तेवढ्यावर काही लोकांचं भागत नाही. त्यांना ती वाढवून देणं हे माझं काम. रस्त्यावरच्या गाडीला असले बदल करायला बंदी आहे, म्हणून मी फक्त शर्यतीच्या मैदानावर पळणाऱ्या गाड्या करत असे. वाचकांत आरटीओतलं कोणी असेल, तर हे वाक्य ठळक छापावं ही संपादकांना विनंती.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि ठिणगी. हवा जास्त आत घ्यायची, तिच्या बेताने इंधन द्यायचं आणि ठिणगी नेमक्या क्षणी पाडायची. ठिणगी जरा लवकर पडली तर ताकद वाढते. फारच लवकर पडली तर इंजिन नॉक करतं, म्हणजे डब्यात चार हरभरे घालून हलवावेत तसा बारीक आवाज येतो. त्याच्याकडे दुर्लक्ष केलं की पिस्टनला भोक पडलंच. म्हणून ठिणगी पुढे पुढे सरकवत न्यायची, हरभरे वाजले की किंचित मागे घ्यायची. याला आम्ही टायमिंग मागे घेणं म्हणतो. हे ज्याला कानाने जमतं तो मिस्त्री, बाकीचे पाने फिरवणारे.

मला जमत असे. पुण्यात चार ठिकाणी मशिनं आली, पडद्यावर आलेख काढू लागली, तरी लोक तिथून उठून माझ्याकडे येत. "मिस्त्रींचा कान" असं गाडीवेड्या मंडळींत म्हटलं जाई. मी वर वर "अहो, कसला कान" म्हणायचो आणि आतून सुखावायचो.

गाडी तयार झाली की मी आणि रफिक ती घेऊन दिवे घाटात जायचो. हवा खायला. चढावर तिसरा गिअर टाकायचा, पाय पूर्ण दाबायचा, एक कान खिडकीबाहेर आणि एक आत. शेजारी रफिक मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. नव्या गाड्यांत ठिणगीचं गणित कॉम्प्युटरमध्ये असतं, तेव्हा मी सांगायचं आणि त्याने बटणं दाबायची.

रफिक भवानी पेठेतला, तीन पिढ्या पुण्यात. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात पत्र्याखाली बसून वायरिंगची कामं करायचा. गॅरेजात मिस्त्री राजा असतो आणि वायरिंगवाला पाहुण्यांच्या पंगतीतला शेवटचा पाट. गिऱ्हाईक मला नमस्कार करी, त्याला नुसतं विचारी, "झालं का?" मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला अहोजाहो. दसऱ्याला मी पाने, हातोडे, जॅक मांडून पूजा करायचो, तेव्हा तोही आपला टेस्टर आणून एका कडेला ठेवायचा. कडेलाच ठेवायचा, आणि मला त्यात काही वावगं वाटत नसे.

त्याला एक वाईट खोड होती. घाटात मी कान लावून बसलो की हा बोटांच्या पेरांनी डॅशबोर्डवर टकटक करायचा. त्याच्या बोटात फिरोज्याची अंगठी, ती आणखी वाजायची. मी खेकसायचो, "ठोकू नकोस रे, मला ऐकू दे!" तो "हां मिस्त्री" म्हणायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा ठोकायचा.

माझ्या हातून झालेली सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे भाऊसाहेबांची लाल हॅचबॅक. भाऊसाहेब मांजरीचे, ऊसवाले. एक दिवस येऊन म्हणाले, "मिस्त्री, ऊस आपला, मळी आपली. मग दुसऱ्याच्या तेलावर गाडी कशापायी पळवायची? इथेनॉलवर करा. रेसमधी नंबर काढायचा हाय मला."

इथेनॉल म्हणजे उसापासूनचा अल्कोहोल. गाडीला ते पाजणं सोपं नाही. पेट्रोलचं जिथे एक भांडं लागतं तिथे याचं दीड. म्हणजे पंप मोठा, इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे. साध्या रबरी नळ्या ते खाऊन टाकतं. हवेतलं पाणी ओढून घेतं. डिसेंबरच्या सकाळी गाडी सुरू होत नाही, तिला आधी थोडं पेट्रोल चाटवावं लागतं. एवढी नाटकं केल्यावर मात्र ते जे देतं त्याला तोड नाही. ते आतून इंजिन गार ठेवतं आणि सहसा नॉक करत नाही, त्यामुळे ठिणगी खूप पुढे नेता येते. धुराला गोडसर वास येतो. त्या वासाने मला आजही भूक लागते.

दोन महिने मी त्या गाडीवर घासले. मग घाट. मी चालवतोय, शेजारी रफिक, मागून भाऊसाहेब जीपमधून. पहिल्याच चढावर रफिकची टकटक सुरू झाली, आणि जोरात. मी ओरडलो, "अरे थांब!" आणि त्याच क्षणी मला हरभरे ऐकू आले. मी गाडी बाजूला घेतली. इथेनॉलवर एवढं नॉकिंग होणं शक्यच नव्हतं. मी उतरून भाऊसाहेबांना विचारलं, "टाकीत पेट्रोल कोणी टाकलं?"

भाऊसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इथेनॉलचा ड्रम संपला होता आणि सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी गुपचूप पाच लिटर पेट्रोल ओतलं होतं. अजून दोन वळणं गेलो असतो तर इंजिन संपलं होतं. "टाकीत काय हाय ते मिस्त्री कानानं वळखत्यात," हे त्यांनी मांजरीत, हडपसरात आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितलं. पुढे गाडीने नंबर काढला. माझ्या आयुष्याची कमाई विचाराल तर तो एक दिवस.

त्यानंतर काही वर्षांनी निनाद आला. हिंजवडीत नोकरी, तिशीतला, मला काका म्हणणारा, बोलण्यात अर्धं इंग्रजी. त्याने परदेशी बनावटीची जबर इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि मला कौतुकाने बसवलं. "काका, डोकं सीटला टेकवा हं." मी म्हटलं, पस्तीस वर्षं गाड्या पळवल्यात. त्याने पाय दाबला आणि पोटातला चहा पाठीला लागला. ना गिअर, ना गुरगुर, ना आधी दम भरणं. इंजिनाला वेग घ्यायला आधी फेरे वाढवावे लागतात. मोटरची सगळी ताकद पहिल्या क्षणापासून हजर. मी उतरून "बरी आहे" म्हणालो. पुण्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र देत नाहीत, आणि त्या दिवशी तेवढं द्यायलाही जिवावर आलं.

वर निनाद सांगतो, "काका, गेल्या आठवड्यात अपडेट आला. पार्किंगमध्ये उभी होती आणि वीस हॉर्सपॉवर वाढली." मला वीस हॉर्सपॉवर वाढवायला दोन महिने, चार लोकांची मनधरणी आणि एकदा भाजलेला हात लागायचा. त्याची गाडी उभ्या उभ्या वाढली, तेही तो कँटीनमध्ये इडली खात असताना. सांगा, जळायचं नाही तर काय करायचं?

भाऊसाहेबांनाही हे सहन होईना. मागच्या वर्षी एका जुन्या विमानपट्टीवर क्लबवाल्यांची रीतसर शर्यत होती, तिथे लाल गाडी आणि निनादची गाडी शेजारी उभ्या केल्या. माझी सवय अशी की समोरच्या गाडीचं इंजिन चढताना ऐकायचं आणि आपल्या चालवणाऱ्याला हात करायचा. मी कान टवकारून वाट बघत राहिलो की ती कधी चढते. झेंडा पडला आणि ती गेलीसुद्धा. माझा हात वर तसाच. लाल गाडी शेवटी बरीच जवळ आली, पण जवळ येण्याला बक्षीस नसतं.

निष्पक्ष लिहायचं आहे म्हणून पुढचंही लिहितो. चौथ्या फेरीनंतर निनादची बॅटरी तापली, ताकद कमी झाली आणि तो चार्जर लावून सतरंजीवर चिवडा खात बसला. लाल गाडी दहाव्या फेरीलाही पहिल्यासारखीच पळत होती. ड्रमातून इंधन ओतलं की झालं. लांबच्या शर्यतीत आजही मी माझ्या गाडीवर पैज लावीन. पण लोकांनी फोटो कोणाबरोबर काढले? जी चिवडा खात उभी होती तिच्याबरोबर.

तोवर शेजारी रफिक मोठा झाला होता. गॅरेजात इंजिन आहे तोवर मिस्त्री राजा, पण इंजिनच गेलं तर? राहते ती वायर. पन्नाशी उलटल्यावर हा माणूस चष्मा लावून क्लासला गेला, परीक्षा दिल्या, रबरी हातमोजे घालून बॅटऱ्या उघडू लागला. शेजारचा गाळा घेतला. आत एसी, फरशी अशी की चपला काढाव्याशा वाटतात. मला सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? त्याची नखं. माझी नखं पस्तीस वर्षं काळी. मुलीच्या लग्नात कन्यादानाला हात पुढे करताना मी ते अर्धे झाकले होते. याची नखं आता बँकेतल्या माणसासारखी.

गेल्या दसऱ्याला गाड्यांची पूजा त्याच्या दारात झाली. निनादच्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी पुढे सरकली, आणि इतकी शांतता की लिंबू फुटल्याचा आवाज ऐकू आला, असं सगळे कौतुकाने सांगत होते. मला नाही आला. मी म्हटलं, गर्दी होती. घरी बायको टीव्हीवरून म्हणतच असते, "अहो, आवाज कमी करा, बातम्या ऐकायला शेजारी स्वतःच्या टीव्हीचे पैसे भरतात." मी तिच्याकडेही दुर्लक्ष करायचो.

आणि मग यंदाच्या उन्हाळ्यात रफिक माझ्या दारात आला. "मिस्त्री, जरा याल का? निनादच्या गाडीत आवाज येतोय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नॉर्मल आहे. नॉर्मल नाही. पण कशाचा आहे ते मला सांगता येईना. निनादही म्हणतो, काकांना बोलवा."

खोटं कशाला सांगू, मला आनंदाने घाम फुटला. कॉम्प्युटर हरला, सर्व्हिस सेंटर हरलं, रफिक हरला आणि इलेक्ट्रिक गाडी माझ्या कानाकडे आली! मी मुद्दाम दहा मिनिटं उशिरा गेलो.

निनाद चालवत होता, मी त्याच्या शेजारी, रफिक माझ्या मागे. सासवड रस्त्याला लागल्यावर निनाद म्हणाला, "हा बघा काका, आला. आणि आता गेला. ऐकलात ना?"

मला टायर ऐकू येत होते, वारा ऐकू येत होता. बाकी काही नाही.

"पुन्हा आला," निनाद म्हणाला. "एकदम शार्प आहे. आई तर मागे बसली की कान झाकते."

त्याच्या आईलाही ऐकू येत होता. मी डोळे मिटले, मान तिरकी केली, वर्षानुवर्षं करायचो तसं सगळं केलं.  मग डोळे उघडून मी ठणकावून सांगितलं, "डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. बदलून टाक." इतकी धडधडीत थाप मी आरटीओलाही कधी मारली नव्हती.

"वा काका!" निनाद म्हणाला. "लगेच बदलतो. पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय."

रफिक मागून पुढे वाकला. मग म्हणाला, "मिस्त्री, अजून एकदा जाऊ या का? घाटापर्यंत."

गेलो. दिवे घाटाचा पायथा आला, गाडी चढाला लागली. वर पोचून निनादने गाडी वळवली आणि उतार सुरू झाला. आणि माझ्या पाठीत, सीटच्या मागून टकटक झाली. दोनदा. अंगठीची.

माझं तोंड माझ्या आधी बोललं. "आला. टायमिंग मागे घे."

 निनाद हसून म्हणाला, "काका, हिला टायमिंग कुठलं?"

 मला आवाज ऐकू आला नव्हता. मला टकटक कळली होती, आणि टकटक कळली की हरभरे माझ्या डोक्यात आपोआप वाजायचे. किती वर्षं? मी मागे वळून पाहिलं. रफिक खिडकीबाहेर बघत होता.

वर्कशॉपला आल्यावर निनाद ऑफिसच्या कॉलसाठी बाहेर गेला. मी विचारलं, "रफिक, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस."

त्याने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "लाल गाडीच्या आधीपासून. तुम्ही उघड्या सायलेन्सरशी डोकं लावून बसायचात, मी सांगितलं होतं कापूस घाला. बारीक आवाज तेव्हाच गेले होते तुमचे."

"मग बोलला का नाहीस?"

"ठोकत तर होतो. तुम्हीच ओरडायचात."

मी खुर्ची ओढली. भाऊसाहेबांच्या पंगती डोळ्यांपुढून गेल्या. मी म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी टाकीतलं पेट्रोल तू ओळखलंस."

"नाही हो," तो म्हणाला. "मला फक्त आवाज आला. आवाज आला म्हणजे टाकीत पेट्रोल, हे तुम्ही ओळखलंत. मला नसतं कळलं. आजही तेच आहे. ऐकू येतं, पण कशाचं ते कळत नाही. म्हणून तर बोलावलं."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला त्याचा रागच आला. निदान एकदा तरी टोमणा मारायचा होता! मी मारला असता.

मग मी विचारायला लागलो आणि तो सांगायला लागला. आवाज वळणावर वाढतो का? नाही. म्हणजे चाकाचं बेअरिंग नव्हे, माझी थाप तिथेच मेली. पाय दाबल्यावर येतो की उचलल्यावर? उचलल्यावर. दाबला की जातो? लगेच. त्याने तोंडाने आवाज काढून दाखवला, तो मला त्याच्या ओठांवरून कळला. जुन्या जीपच्या मागच्या दातेरी चक्रांचा असाच सूर निघायचा, पाय उचलला की रडायची, कारण तेव्हा जोर उलट्या बाजूने येतो. मी म्हटलं, "हिला गिअर नसले तरी मोटर आणि चाकांमध्ये दात्यांचा एक डबा असेल ना? त्याचं बेअरिंग." रफिकने मान डोलावली. सर्व्हिस सेंटरवाल्यांना उघडायला लावलं, तेच निघालं. चुरा झाला होता. कोल्हापूरच्या वाटेवर अडकलं असतं तर काय, ते मी निनादला सांगितलं नाही.

मी निनादला आणखीही एक गोष्ट सांगितली नाही. गाडी नीट झाल्यावर तो पेढे घेऊन आला आणि वर्कशॉपात सगळ्यांसमोर माझे पाय धरले. "मशीनला नाही कळलं, काकांच्या कानाला कळलं!" रफिक तिथेच उभा होता. त्याने पेढा घेतला, तोंडात टाकला आणि स्वच्छ नखांचे हात रुमालाला पुसले. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळ्यानेही काही सांगितलं नाही. आणि मी, पस्तीस वर्षांचा मिस्त्री, "अरे, कसला कान" म्हणालो आणि गप्प बसलो.

नंतर हडपसरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काढलेला आलेख एका ठिकाणापासून दिवे घाटासारखा खाली उतरतो. यंत्र दिलंय, ते ड्रॉवरमध्ये आहे.

तर संपादक महाशय, तुमची तुलना. पहिल्या झेपेला इलेक्ट्रिक, लांब पल्ल्याला इथेनॉल, आणि पेट्रोल आता जावई म्हातारा झाल्यासारखं, मान आहे पण वाट कोणी बघत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा मला हेवा वाटायचा की तिला मिस्त्रीचा कान लागत नाही. आता कळलं की मलाच तो दहा वर्षं दुसऱ्याचा लागत होता.

हा अंक हातात आला की एक प्रत निनादला आणि एक भाऊसाहेबांना पाठवणार आहे. तिसरी मी स्वतः शेजारी नेऊन देईन. रफिक चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल, अंक मिटून टेबलावर ठेवेल आणि विचारेल, "मिस्त्री, चहा सांगू?" याउपर एक अक्षर बोलणार नाही. आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला, पण असं गप्प राहता येणाऱ्याचा जितका वाटतो तितका कुठल्याच गाडीचा वाटला नाही.